कोल्हापुरातील बिंदू चौकाजवळचे नागरिक मदत केंद्र : एक अभिप्राय

पोलिसांविरुद्ध तक्रार कोठे आणि कशी करायची, हे सामान्य माणसाला कोणीही मोफत आणि नीट समजावून सांगत असेल, तर त्याची दखल घेतलीच पाहिजे. काही वकील आणि टोलविरोधी आंदोलनातील जुने कार्यकर्ते चालवत असलेल्या या केंद्रात मी शेजारच्या मावशींना घेऊन गेलो होतो, कारण मुलाला झालेल्या मारहाणीची फिर्याद एका पोलीस ठाण्यात घेतली जात नव्हती. तेथील वकीलसाहेबांनी प्रथम त्यांना बसवून पाणी दिले आणि मग फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचे, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, कलम 173 उघडून दाखवले : फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, आणि नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवता येते. अर्ज मावशींच्याच शब्दांत उतरला. पोचपावती जपून ठेवण्याविषयी मात्र त्यांना पुन्हा पुन्हा बजावण्यात आले. ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण मागण्यासाठी 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला माहिती अधिकाराचा अर्जही तिथेच तयार झाला.

उणीव एकच, पण मोठी. महापालिकेत 2020 नंतर कित्येक वर्षे प्रशासक असताना प्रभागातल्या माणसाला दाद मागायला नगरसेवकच नव्हता, म्हणून गर्दी इकडे वळली आणि बसायला जागा पुरेनाशी झाली. कामावरून सुटणाऱ्यांसाठी संध्याकाळची वेळ वाढवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जाताना मूळ कागदपत्रांसोबत झेरॉक्स प्रतीही न्याव्यात.