गिम्पवर दोन फोटो जोडताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

भाड्याचं सॉफ्टवेअर सोडलं ते रागाच्या भरात. वर्गणीची तारीख उलटली आणि माझंच अर्धवट काम मला पुढे नेता येईना. ग्राहकसेवेचं उत्तर एकच, आधी पैसे भरा. दर महिन्याला पैसे मोजायचे आणि वर ही अरेरावी? तेव्हापासून सगळं गिम्प या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर. फुकट आहे, त्यामुळे निम्मे गुण तर तिथेच दिले.

वरच्या फोटोचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा लेअर मास्क, त्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू बदलत जाणारा ग्रेडियंट, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. मला छळलं ते आकाशाने. एक आकाश दुसऱ्यात विरून जायला हवं, तिथे नेमके फिकट पट्टे. ग्रेडियंट लांबवला तर पट्टे आणखी रुंद! ८ बिटमध्ये प्रत्येक चॅनेलला, म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाला, २५६च पायऱ्या. दोन आकाशांत ३० पायऱ्यांचा फरक असेल आणि ग्रेडियंट ३००० पिक्सेलचा, तर एकेक पट्टा साधारण १०० पिक्सेलचा. दिसणारच.

१६ बिट, म्हणजे याहून कितीतरी जास्त पायऱ्या, ही रॉवाल्यांची (कॅमेऱ्याची कच्ची फाइल वापरणाऱ्यांची) हौस, असं माझं ठाम मत होतं. मूळ फोटोच ८ बिट जेपीजी, त्यात वाढणार काय? आता ते मत राहिलं नाही. फोटो ८ बिटचे असले तरी त्यांच्या मिश्रणातून येणारे अधलेमधले आकडे १६ बिटमध्ये टिकतात. म्हणून आता इमेज मेनूतल्या प्रिसिजनमधून सुरुवातीलाच १६ बिट करतो. शेवटी फाइलची डुप्लिकेट काढायची, ती फ्लॅटन करायची (सगळे लेअर्स एकात मिसळायचे) आणि मगच ८ बिटवर आणायची. त्या वेळी उघडणाऱ्या खिडकीत लेअर्ससाठी डिदरिंग निवडायचं. फ्लॅटन आधी, हे विसरू नका. नाहीतर लेअर्स एकत्र होताना पट्टे परत हजर. डिदरिंगने बारीक ठिपके विखुरतात आणि पायरीची कडा मोडते. जेपीजीची क्वालिटी मात्र चढीच ठेवा, फार दाबली की हे ठिपकेच पुसले जातात.

एवढी महत्त्वाची गोष्ट इतक्या आडबाजूला का ठेवलीय, देव जाणे.

फोटोतल्या दाण्यांचं सोपं आहे. एक फोटो जास्त आयएसओचा (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता वाढवून काढलेला, म्हणून दाणेदार) आणि दुसरा स्वच्छ असेल तर स्वच्छ लेअरवर आरजीबी नॉइज या फिल्टरने थोडे दाणे टाका. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिम्प ३.० पासून फिल्टर लेअरवर तसाच राहतो, नंतर कमीजास्त करता येतो. हे एकट्यानेच अपडेट वसूल.

१६ बिटमध्ये पिक्सेलमागे मेमरी दुप्पट लागते, जुना कॉम्प्युटर कण्हतो. कण्हू दे. रॅम वाढवायला पैसे घालणार नाही. ब्राउझर बंद करून काम करतो.