ओआरएसची पुडी: चवीला दोन तारे, कामाला पाच

यात्रेहून परतलो आणि रात्री दोनपासून चार वर्षांच्या पोराला जुलाब लागले. सकाळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून संत्र्याच्या चवीच्या पेयाचे दोन खोके आणले. "जुलाबाला सगळे हेच नेतात," मेडिकलवाला म्हणाला. पोरगं गटागटा प्यायलं. दुपारी नुसतं पाणी पडायला लागलं.

आमच्या वन्सं बार्शीला सिस्टर आहेत. फोनवर म्हणाल्या, "खोक्यावर साखर किती लिहिलीय, वाच." 100 मिलीला 11 ग्रॅम, म्हणजे 200 मिलीच्या खोक्यात 22! "अगं, ओआरएसच्या पुडीत अख्ख्या लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना? तशी ही साखर अंगातलं पाणी आतड्यात ओढते."

ह्यांचं चाललं होतं, सलाइन लावून आणू. वन्सं म्हणाल्या, "लघवी होतेय ना? डोळे खोल गेले नाहीत ना? मग पाजत बस. 1971 ला बांगलादेशच्या निर्वासितांत कॉलरा पसरला, सलाइन संपलं, तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीसांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजूनच माणसं वाचवली."

तर ही पुडी. 20.5 ग्रॅम: मीठ 2.6, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5, सायट्रेट 2.9. मला वाटायचं ग्लुकोज ताकदीसाठी. तसं नाही. आतड्याच्या पेशीला एक दार असतं, त्यातून ग्लुकोजचा एक कण मिठातल्या सोडियमचे दोन कण सोबत घेऊनच आत शिरतो, आणि त्यांच्यामागे पाणी. जुलाबात बाकीच्या वाटा बिघडल्या तरी हे दार बहुतेक वेळा चालू राहतं. म्हणून प्रमाण महत्त्वाचं, अंदाजाने चिमूट टाकून चालत नाही.

चव? पोराच्या भाषेत "घामाचं सरबत". दर दोन मिनिटांनी चमचा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. संध्याकाळी त्याने आपणहून वाटी मागितली. झिंकच्या गोळ्या मात्र 14 दिवस द्याव्या लागल्या.

एक तारा कापलाच तर छपाईचा कापीन. "1 लिटर पाण्यात" हे इतकं बारीक, की मी ती पुडी 750 मिलीच्या बाटलीत ओतणारच होते. एकच लेकरू असेल तर 200 मिलीची लहान पुडी घ्या. आमचं अर्धं उरलं, 24 तासांनी टाकून दिलं. सासूबाई तुळशीला घालायला निघाल्या होत्या, मी मोरीत ओतलं. मीठ आहे त्यात.