कोलंबसमधलं ९५० डॉलरचं घर

दाराला चावीची डबी लटकत होती. तिचा चार आकडी कोड आम्हाला मेसेजवर आला होता. नवऱ्याने तो तीनदा फिरवून बघितला, डबी उघडेना. शेजारच्या अंगणात एक बाई गवत कापत होत्या. त्यांनी मशीन बंद केलं, आमच्या चार मोठ्या बॅगांकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्हीही हे घर भाड्याने घेतलंय का?"

त्या 'ही'ने माझ्या पोटात गोळा आला. महिन्याभरात त्या दारात बॅगा घेऊन उभे राहिलेले आम्ही तिसरे. घर विकायला काढलेलं होतं. भाड्याने द्यायचा विचार मालकांच्या मनातही नव्हता.

ही जुलै २०२३ची गोष्ट. गाव कोलंबस, पण ओहायोतलं मोठं शहर नव्हे. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातलं, इंडियानापोलिसपासून दक्षिणेला तासाभरावरचं. वस्ती जेमतेम पन्नास हजार. इंजिनं बनवणारी कमिन्स १९१९ साली इथेच सुरू झाली, आणि पुण्यात ती १९६२पासून आहे. त्यामुळे कोथरूड-कर्वेनगरची माणसं इथे सतत येत असतात. मीही त्याच धंद्यातल्या कामासाठी आले. गाव लहान, म्हणून घरं स्वस्त असतील असं आम्ही धरून चाललो होतो. तसं नसतं. भाड्याची कॉम्प्लेक्स मोजकी, आणि बाहेरून येणाऱ्यांना सगळ्यांनाच उन्हाळ्यात, शाळा सुरू व्हायच्या आत घर हवं असतं. मला दोन बेडरूमसाठी १,२५० ते १,५०० डॉलर सांगत होते, शिवाय वेटिंग लिस्ट.

खरी अडचण भाड्याची नव्हतीच. बहुतेक कॉम्प्लेक्स अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) मागतात, क्रेडिट हिस्टरी, म्हणजे आधीच्या कर्ज-कार्डांच्या परतफेडीची नोंद बघतात, पगार भाड्याच्या तिप्पट आहे का ते तपासतात. पुण्यात बसलेल्या माणसाकडे यातलं पहिलं आणि दुसरं काहीच नसतं. दोन ठिकाणी अर्ज पुढे सरकलाच नाही. मुलीच्या शाळेसाठी पत्त्याचा पुरावा हवा, आणि इथल्या शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडतात. अशा वेळी एका जाहिरातीत दिसलं: तीन बेडरूम, अंगण, ९५० डॉलर, क्रेडिट हिस्टरी लागणार नाही. स्वस्त म्हणून आम्ही भाळलो, असं लोकांना वाटतं. आम्ही त्या शेवटच्या वाक्याला भाळलो. हा माणूस नेमका कोणाला शोधत होता, ते मला आता कळतं.

तो स्वतःला डॉक्टर म्हणवत होता. नोकरीसाठी अलास्काला गेलोय, म्हणून चावी डबीत ठेवलीय. भाडं कमी ठेवलंय, कारण घर जपणारं कुटुंब हवंय. बोलणं अतिशय सभ्य. मुलगी कितवीत आहे हेसुद्धा विचारलं. लीज पाठवली, आम्ही सही केली. अर्जाचे ६० डॉलर, पहिल्या महिन्याचं भाडं ९५०, डिपॉझिट ९५०, असे १,९६० डॉलर. तेव्हाच्या दराने एक लाख साठ हजार रुपये. न्यू जर्सीतल्या माझ्या आतेभावाने ते झेलने पाठवले. झेल म्हणजे आपल्या यूपीआयसारखं, पैसे क्षणात समोरच्याच्या खात्यात. फसलोय हे कळल्यावर तो बँकेशी तासन्‌तास बोलला. उत्तर एकच: तुमच्या परवानगीशिवाय कोणी पैसे काढले असते तर गोष्ट वेगळी होती, हे तुम्ही स्वतः पाठवलेत. पैसे परत आले नाहीत. त्याचे मी फेडले, पण "दादा, पाठव रे, घर हातचं जाईल" असं मीच म्हटलं होतं, ते अजून बोचतं.

त्या रात्री मोटेलमध्ये मी ती लीज पहिल्यांदा नीट वाचली. सहाव्या पानावर लिहिलं होतं की वाद झाल्यास तो फ्रँकलिन काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कोर्टात चालेल. फ्रँकलिन काउंटीत ओहायोचं कोलंबस आहे. आमचं कोलंबस बार्थोलोम्यू काउंटीत. कुठल्या तरी दुसऱ्या लीजवर फक्त पत्ता बदलला होता. फोटो पुन्हा पाहिले. खिडकीबाहेरच्या झाडांना एक पान नव्हतं, आणि जाहिरात होती जूनमधली. ते फोटो विक्रीच्या जाहिरातीतून उचललेले होते. त्यातल्याच एकात पिवळ्या भिंतीची खोली होती. मुलीने ती आपली म्हणून ठरवली होती आणि लक्ष्मी रोडवरून पडद्याचं कापडही आणलं होतं. ते बॅगेतून काढताना ती काही बोलली नाही.

घराचा मालक कोण, हे शोधायला मला दहा मिनिटं लागली असती. काउंटीच्या मालमत्तेच्या नोंदी ऑनलाइन, कोणालाही फुकट दिसतात. पत्ता टाकला की मालकाचं नाव येतं. तोच पत्ता साध्या सर्चमध्ये टाकला असता तर विक्रीची जाहिरातही समोर आली असती. भाडं वाजवी आहे का, यासाठी केंद्राचं गृहनिर्माण खातं, एचयूडी, दरवर्षी काउंटीनिहाय 'फेअर मार्केट रेंट' काढतं. त्यात वीज-पाण्याचा खर्चही धरलेला असतो, आणि साधारण चाळीस टक्के घरं त्याहून स्वस्त असतात. म्हणजे तो आकडा चैनीच्या घराचा नाही. तीन बेडरूमचं अख्खं घर त्याच्या बरंच खाली मिळत असेल, तर हातातला फोन खाली ठेवा.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली, ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या एफटीसी या सरकारी संस्थेकडे आणि एफबीआयच्या आयसी३ या ऑनलाइन गुन्ह्यांच्या तक्रार केंद्रावरही नोंदवली. पासपोर्टच्या प्रती त्या ठगाकडे गेल्या होत्या, त्याची भीती जास्त होती. माझा सोशल सिक्युरिटी नंबर तेव्हा निघालाच नव्हता, म्हणून तेवढा तरी वाचला. नंबर आल्या दिवशीच इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिटच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीज केलं, म्हणजे माझ्या नावावर दुसऱ्या कोणाला कर्ज काढता येऊ नये. ते फुकट असतं.

घर शेवटी मिळालं. एका कॉम्प्लेक्सच्या ऑफिसात जाऊन ऑफर लेटर दाखवलं. क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून त्यांनी डिपॉझिट जास्त घेतलं, भाडं १,३४०. खोल्या बघितल्या, नळ सोडून बघितले, मग पैसे दिले. हीच गोष्ट पुण्यातून फोनवर विचारली असती तर झाली असती. ऑफर लेटर चालेल का, हे आम्ही कोणाला विचारलंच नव्हतं. इथे घर सोडल्यावर नवा पत्ता लेखी कळवला की मालकाला ४५ दिवसांत डिपॉझिटचा हिशोब द्यावा लागतो, तेव्हा जास्तीचे पैसे बुडत नाहीत.

मागच्या महिन्यात चिंचवडच्या एका मुलाने मला एक जाहिरात पाठवली. मालक परदेशात, चावी डबीत. मी ऑफिसहून परतताना त्या पत्त्यावर गेले. अंगणात विक्रीची पाटी होती. फोटो काढून त्याला पाठवला. तुम्ही कोलंबसला येणार असाल तर पैसे पाठवण्याआधी मला पत्ता कळवा. गाव लहान आहे, दहा-पंधरा मिनिटांत मी कुठल्याही दारात पोचते.