दुसरा बोलीदार कोण होता?

जुन्या फिल्म कॅमेऱ्याची एक लेन्स मी ऑनलाइन लिलावात घेतली आणि त्या एका व्यवहारात दोनदा फसवणूक झाली, एकदा मालात आणि एकदा किमतीत. मालातली फसवणूक पार्सल उघडल्यावर लगेच दिसली, तिची तक्रार करता आली आणि बरेचसे पैसेही परत मिळाले. किमतीतली फसवणूक मात्र लक्षात यायलाच वेळ लागला, आणि तिच्याबद्दल विचारलेल्या प्रश्नाला आजतागायत नीट उत्तर मिळालेले नाही. ऑनलाइन लिलावांबद्दल सावध करणारे जे काही वाचायला मिळते ते बहुतेक मालाविषयीच असते. खोटे फोटो, नकली वस्तू, पैसे घेऊन गायब झालेला विक्रेता. किमतीविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर मांडत आहे.

विक्रेत्याचे मानांकन जवळपास निर्दोष होते. वस्तूच्या वर्णनात लेन्स ‘वापरलेली, पण उत्तम स्थितीत’ असल्याचे लिहिले होते आणि पुढे ‘वारशात मिळालेली वस्तू आहे, मला यातले फारसे कळत नाही’ असे एक वाक्य जोडलेले होते. (हे वाक्य जुन्या वस्तूंच्या लिलावात इतक्या वेळा भेटते की ते अज्ञानाची कबुली कमी आणि पुढच्या वादासाठी करून ठेवलेली तरतूद जास्त वाटते.) लिलाव संपायला अवकाश होता. माझ्या दृष्टीने त्या लेन्सची जी जास्तीत जास्त किंमत होती, ती मी कमाल बोली म्हणून नोंदवून ठेवली.

अशा लिलावांत कमाल बोली गुप्त राहते. संकेतस्थळ आपल्या वतीने फक्त तेवढीच बोली पुढे सरकवते, जेवढी दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराच्या वर राहायला लागते. म्हणजे आपण मनात कितीही मोठा आकडा धरला तरी देय रक्कम ठरते ती दुसऱ्या बोलीदाराच्या आकड्यावरून. ही कल्पना जुनी आहे. विल्यम विक्रे या अर्थशास्त्रज्ञाने 1961 मध्ये असे दाखवून दिले की बंद बोलींच्या लिलावात सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची रक्कम द्यायची असा नियम असेल, तर प्रत्येकाने आपल्याला पटणारी खरी किंमत लिहिणेच त्याच्या फायद्याचे ठरते. त्याला 1996 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र या रचनेचा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा आहे, ते म्हणजे दुसरा बोलीदार खरा आहे. तो विक्रेत्याचाच माणूस असेल, तर किंमत विक्रेता स्वतःच ठरवतो आणि वर ती स्पर्धेतून ठरल्याचा देखावा उभा राहतो.

माझ्या बाबतीत नेमके हेच घडले. शेवटच्या दिवसाच्या आदल्या रात्री एका बोलीदाराने लागोपाठ बोली लावायला सुरुवात केली. प्रत्येक बोली आधीच्या किमतीपेक्षा किमान फरकानेच जास्त होती, आणि प्रत्येक वेळी माझी गुप्त बोली आपोआप वर सरकत होती. दोन बोलींच्या मध्ये कधी अर्ध्या मिनिटाचे अंतर होते, कधी त्याहूनही कमी. ज्याला वस्तू हवी असते तो सहसा आपली मर्यादा एकदाच लिहून मोकळा होतो किंवा शेवटच्या क्षणाची वाट पाहतो. पायरीपायरीने वर चढणारा नवखाही असू शकतो, पण त्याच पद्धतीने दुसऱ्याच्या मर्यादेचा ठाव घेणाराही असू शकतो. माझी मर्यादा ओलांडल्याबरोबर त्या बोली एकदम थांबल्या. मी पुढे बोली वाढवली नाही आणि लिलाव त्या बोलीदाराच्या नावावर संपला.

त्यानंतर थोड्याच वेळात विक्रेत्याचा निरोप आला. ‘विजेत्याला घरगुती अडचणीमुळे व्यवहार पूर्ण करता येत नाही, तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर होतात, तेव्हा तुमच्याच बोलीच्या रकमेला लेन्स तुम्हाला देता येईल.’ हा निरोप संकेतस्थळाच्या अधिकृत सोयीतून आला होता. विजेता मागे हटला तर पुढच्या बोलीदाराला संधी देण्याची ती सोय आहे आणि प्रामाणिक विक्रेतेही ती वापरतात. रक्कम मला मान्य असलेलीच होती, शिवाय हातची गेलेली वस्तू परत समोर आली होती. मी पैसे भरले.

त्या प्रस्तावातला डाव रकमेत आहे. पळून गेलेला विजेता लिलावात नसताच, तर माझी बोली तिसऱ्या बोलीदारापेक्षा फक्त एक पायरी वर थांबली असती. बोलींची यादी लिलाव संपल्यावरही पाहता येते. तिच्यातून त्या एकाच्या सगळ्या बोली वजा केल्या, तेव्हा उरलेली किंमत माझ्या कमाल बोलीच्या निम्म्याहून थोडीशीच जास्त निघाली. म्हणजे जो माणूस खरेदी करणारच नव्हता, त्याच्या बोलींनी माझी गुप्त रक्कम उघडी पाडली होती आणि विक्रेत्याने ती जशीच्या तशी माझ्यासमोर ठेवली होती. यादीत बोलीदारांची नावे फुल्या घालून झाकलेली असतात, परंतु नावावर टिचकी मारली की त्याच्या अलीकडच्या व्यवहारांचा गोषवारा दिसतो. या बोलीदाराच्या बहुतेक सर्व बोली याच विक्रेत्याच्या वस्तूंवर होत्या, त्या वस्तू एकमेकींशी काहीही संबंध नसलेल्या होत्या, आणि बऱ्याच बोली त्याने लावून नंतर मागे घेतल्या होत्या. एखादा संग्राहक एकाच विक्रेत्याच्या मागे लागू शकतो हे मान्य आहे, पण तो एका प्रकारच्या वस्तूंच्या मागे लागतो आणि अधूनमधून जिंकतोही. इथे कुठेतरी पाणी मुरत होते एवढे म्हणायला ही माहिती पुरेशी आहे. कायद्याच्या अर्थाने हा पुरावा नव्हे, हेही तितकेच खरे.

बोली मागे घेणे हा याच युक्तीचा दुसरा प्रकार आहे. डमी बोलीदार एकदम अवाच्या सव्वा आकडा टाकतो, त्यामुळे समोरच्याची कमाल मर्यादा उघड होते. मग ‘आकडा लिहिताना चूक झाली’ असे कारण देऊन तो ती बोली काढून घेतो आणि त्या मर्यादेच्या किंचित खाली नवी बोली लावून बसतो. यात विजेत्याने पळून जाण्याचे नाटकही करावे लागत नाही.

हा प्रकार या माध्यमाइतकाच जुना आहे. ईबे हे ऑनलाइन लिलावांचे संकेतस्थळ 1995 मध्ये सुरू झाले आणि 2000 मध्येच तिथले एक चित्रप्रकरण जगभर गाजले. एका अनाम चित्रावर रिचर्ड डीबेनकॉर्न या नामवंत चित्रकाराच्या सहीशी जुळणारी अक्षरे दिसत असल्यामुळे बोली 1 लाख 35 हजार डॉलरच्या पुढे गेली. विक्रेत्याने स्वतःच दुसऱ्या नावाने त्या चित्रावर बोली लावल्याचे आढळल्यावर ईबेने तो व्यवहार रद्द केला, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत तिघांवर बनावट बोलींच्या संदर्भात गुन्हे दाखल झाले. तिथेही वर्णनात चित्रकाराचे नाव कुठे लिहिलेले नव्हते. वस्तू घरात पडून होती, मला यातले काही कळत नाही, असाच एकूण सूर होता.

आता मालाविषयी. लेन्स बाहेरून खरोखरच सुंदर होती, अंगावर ओरखडा नव्हता, फोकसची कडी मऊ फिरत होती. मात्र ॲपर्चर, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत जाण्याचे छिद्र, पूर्ण उघडून मागच्या बाजूने टॉर्च तिरपा धरला, तेव्हा आतल्या भिंगावर कडेपासून मध्याकडे पसरत गेलेले पांढरे तंतू दिसले. ही फंगस, म्हणजे दमट आणि अंधाऱ्या जागी वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या लेन्सच्या काचेवर चढणारी बुरशी. ती साफ करता येते, पण तिने काचेवरचा लेप खाल्लेला असला तर डाग कायम राहतो. तिच्या मागे आणखी एका भिंगावर धुरकट थर होता. तो बहुधा आतल्या वंगणाची वाफ काचेवर बसून तयार झालेला असावा, आणि अशा थरामुळे उजेडाच्या दिशेने घेतलेल्या छायाचित्रातला काळा रंग राखाडी होऊन जातो. मग मी विक्रेत्याचे फोटो पुन्हा काढून पाहिले. प्रत्येक फोटोत प्रकाश समोरून आलेला होता आणि पुढच्या काचेवर खिडकीचे प्रतिबिंब पडलेले होते, त्यामुळे आतले काहीच दिसत नव्हते. ज्याला यातले कळत नाही असा माणूस इतके अचूक फोटो काढत नाही, असे माझे मत आहे. जुनी लेन्स घेणाऱ्याने मागून प्रकाश टाकून काढलेला एक फोटो मागावाच. तो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून पुढे काही घ्यायची गरज नाही.

तक्रार केल्यावर विक्रेता कमालीचा गोड बोलू लागला. आधी त्याने ‘माहीतगाराला दाखवून सांगतो’ म्हणून वेळ मागितला, मग थोडी रक्कम परत देऊ केली, आणि शेवटी ‘तुम्ही तक्रार मागे घ्या, मी सगळे पैसे थेट तुमच्या खात्यात पाठवतो’ असे कळवले. असा निरोप आला की सावध व्हावे. तक्रार नोंदवण्याला मुदत असते, आणि एकदा मागे घेतलेली तक्रार सहसा पुन्हा उघडता येत नाही; हा सगळा गोडवा ती मुदत संपेपर्यंत वेळ मारून नेण्यासाठी असतो. मी तक्रार कायम ठेवली आणि सर्व बोलणे संकेतस्थळाच्या निरोपपेटीतच केले, कारण बाहेरच्या निरोपांची दखल वादाच्या वेळी घेतली जाईलच असे नाही. लेन्स परत गेली, मूळ रक्कम आली. परतीचा टपालखर्च अंगावर पडला.

त्याच्या निर्दोष मानांकनाकडे नंतर बारकाईने पाहिले, तर त्यातले बहुतांश अभिप्राय केबली, स्टिकर, कॅमेऱ्याच्या झाकण्या असल्या किरकोळ वस्तूंसाठी मिळालेले होते. चांगल्या नावाला बाजारात खरोखर पैसे मिळतात. ईबेवरील एका जुन्या, नावाजलेल्या विक्रेत्याने एकाच प्रतीची जुनी पोस्टकार्डे स्वतःच्या आणि नव्या खात्यांवरून विकली, तेव्हा जुन्या नावाला सुमारे 8 टक्के जास्त किंमत मिळाल्याचे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. असे नाव किरकोळ वस्तू विकून स्वस्तात जमवण्याचा उद्योगही मग सुरू होतोच. त्यामुळे अभिप्रायांची टक्केवारी पाहण्यापेक्षा आपण घेत आहोत त्या किमतीच्या आणि त्या जातीच्या वस्तूंबद्दल लोकांनी काय लिहिले आहे ते वाचणे जास्त उपयोगाचे ठरते. एके काळी वाईट अभिप्राय दिला की विक्रेता सूड म्हणून खरेदीदारालाही वाईट अभिप्राय देत असे, आणि त्या भीतीने लोक गप्प बसत. ईबेने 2008 मध्ये विक्रेत्यांचा तो अधिकार काढून घेतला. तरीही ‘आधी चांगले लिहा, मग पैसे परत करतो’ ही सौदेबाजी थांबलेली नाही. मलाही ती ऐकायला मिळाली.

विक्रेत्यांची बाजू इथे सांगायलाच हवी, कारण अशा प्रकारांत सर्वांत जास्त भरडला जातो तो सरळ व्यवहार करणारा विक्रेता. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून हेच मांडले होते: खरेदीदाराला चांगला आणि खराब माल वेगळा ओळखता आला नाही, तर तो सरसकट कमी किंमत देऊ करतो, त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही, आणि चांगल्या मालाचे मालक बाजारातून निघून जातात. खरेदीदारांपैकीही काही जण कमी नसतात. चांगली लेन्स मागवून आपली खराब झालेली परत पाठवणारे आहेत, बोली जिंकून पैसेच न भरणारे आहेत. म्हणून अनुक्रमांक स्पष्ट दिसेल असा फोटो दोघांच्याही हिताचा असतो. मी परत पाठवताना लेन्सवरचा अनुक्रमांक, आतली बुरशी आणि पार्सल बंद करणे हे सगळे एकाच सलग चित्रफितीत घेतले होते, त्यामुळे ‘ही माझी लेन्सच नव्हे’ असे म्हणायला त्याला जागा उरली नाही.

किमतीतल्या खेळापासून बचावाचा एक मार्ग बोली उशिरा लावण्याचा आहे. आपली कमाल मर्यादा आधीपासून नोंदवून ठेवली की ती चाचपायला डमी बोलीदाराला भरपूर वेळ मिळतो. शेवटच्या काही क्षणांत एकदाच नोंदवली तर मिळत नाही. जिथे उशिरा आलेल्या बोलीमुळे लिलावाची वेळ आपोआप वाढते, तिथे हा उपाय तितका चालत नाही. ‘दुसरी संधी’ म्हणून प्रस्ताव आला, तर मागे हटलेल्या विजेत्याच्या सर्व बोली वजा करून निघणारी किंमत विक्रेत्याला कळवावी. जो खरोखर अडचणीत सापडला आहे तो निदान त्यावर बोलतो. आणि असा प्रस्ताव संकेतस्थळाबाहेरच्या ईमेलवर आला, तर तो बहुधा विक्रेत्याचाही नसतो, बोलींची यादी पाहणाऱ्या तिसऱ्याच भामट्याचा असतो.

बनावट बोलींबद्दल मी वेगळी तक्रार केली, सोबत बोलींच्या यादीची छायाचित्रेही जोडली. ‘योग्य ती तपासणी केली जाईल, निष्कर्ष कळवता येणार नाही’ असे छापील उत्तर आले. पैसे परत मिळाले असल्यामुळे माझे नुकसान झालेले नाही, असेही त्यात सुचवले होते. पण त्या लिलावात जो आकडा निघाला तो ‘विकल्या गेलेल्या वस्तूं’च्या यादीत तसाच राहिला आहे, आणि त्याच जातीची लेन्स घेऊ किंवा विकू पाहणारे लोक तो चालू भाव समजून आपापले हिशेब करत असणार. भाव काढण्यासाठी ती यादी चाळताना एकाच विक्रेत्याच्या नावावरची विक्री बाजूला ठेवावी, आणि जी वस्तू विकली गेल्याची नोंद आहे तीच थोड्या काळाने त्याच विक्रेत्याकडे पुन्हा लिलावाला आलेली दिसते का, तेही पाहावे. माझ्याकडून परत गेलेली लेन्स तशी आली; अनुक्रमांक तोच होता, फोटोही तेच होते.