यकृतातल्या गाठीवर ‘पाच शेक’: कोल्हापुरात घ्यावेत का?

मोठ्या आतड्याचा किंवा स्तनाचा कॅन्सर यकृतात उतरला, गाठी मोजक्याच आहेत आणि ऑपरेशन जमण्यासारखं नाही, अशा पेशंटला हल्ली एसबीआरटी सुचवतात, म्हणजे नेमक्या गाठीवर मोजक्या बैठकांत दिलेलं जोरदार रेडिएशन. वॉर्डात तिला ‘पाच शेक’ म्हणतात; एक शेक म्हणजे रेडिएशनची एक बैठक. हे परीक्षण कोल्हापुरातल्या एका केंद्रातल्या या सेवेचं आहे. तक्रारीही आहेत, म्हणून नाव देत नाही.

निकाल आधीच सांगून टाकू. गाठी एक ते तीन, चार सेंटिमीटरच्या आतल्या, जठर-आतड्यापासून लांब आणि बिलिरुबिन (रक्तातला कावीळ दाखवणारा आकडा) ताळ्यावर असेल, तर महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची गरज नाही. गाठ आतड्याला खेटून असेल तर मात्र तिकीट काढा. आतडं आणि जठर एवढा डोस सोसत नाहीत, अल्सर होतो, क्वचित भोकही पडतं.

मशीनची कंपनी विचारण्यात बहुतेक नातेवाइकांचा वेळ जातो. विचारायचं ते श्वासाबद्दल. श्वासागणिक यकृत एक-दोन सेंटिमीटर खाली-वर सरकतं, काहींचं त्याहून जास्त. या केंद्रात सिम्युलेशनला, म्हणजे शेकांचा प्लॅन आखण्यासाठी आधी होणाऱ्या स्कॅनला, फोर-डी सीटी (श्वासासोबतची हालचाल टिपणारा सीटी) होतो आणि पोटावर दाबपट्टी लावतात. पट्टीने हालचाल चांगलीच कमी होते, पण स्थूल पेशंटला ती नीट बसत नाही आणि जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांवर दुखते. पंधरा-वीस सेकंद श्वास रोखून धरायची पद्धत त्याहून सरस. ती इथे आहे, पण आपणहून कुणी सांगत नाही. मागून घ्या आणि घरी आठवडाभर सराव करा.

सिम्युलेशनच्या आधी तीन तास पोट रिकामं हवं. हाच नियम पुढे प्रत्येक शेकाला. मिसळ खाऊन आलेल्या माणसाचं जठर फुगून यकृताला ढकलतं आणि प्लॅनमध्ये लांब दिसलेलं जठर डोसच्या वाटेत येतं. स्कॅनसाठी शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध द्यायचं असल्याने क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट न्या, नाहीतर दारातून परत पाठवतात. एमआरआय शक्यतो त्याच आठवड्यातला हवा. दीड महिन्यापूर्वीचा एमआरआय आजच्या सीटीवर बसवला, तर मधल्या केमोने गाठीचा आकार बदललेला असतो. इथे जुना एमआरआय चालवून घेतात, ते चुकीचं.

डोसचा आकडा फाईलवर लिहून घ्या. पाच शेकांत मिळून ५० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) आणि पाच शेकांत ३० ग्रे यांचं बिल सारखंच येऊ शकतं, पण गाठीवरचा परिणाम दुपटीहून जास्त फरकाचा. निरोगी यकृत वाचवायला डोस उतरवावा लागतो, ते समजण्यासारखं आहे. कारण विचारायचा हक्क मात्र तुमचा. तीन शेकांच्या पद्धतीत यकृताचा किमान ७०० घनसेंमी भाग १५ ग्रेच्या खाली राहायला हवा. अर्धं यकृत आधीच काढलेलं असेल तर हे गणित अवघड होतं. २००९ सालच्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात ४७ पेशंटना तीन शेकांत ६० ग्रेपर्यंत डोस दिला होता. दोन वर्षांनी ९२ टक्के गाठी आटोक्यात होत्या. तरी मध्यक आयुर्मान (निम्मे पेशंट ज्याच्या पुढे जगले तो काळ) २०.५ महिने निघालं, कारण रोग दुसरीकडे डोकं वर काढतो. ‘गाठ जळाली म्हणजे कॅन्सर गेला’ असं कुणी सांगत असेल तर कान देऊ नका.

आता खरी परीक्षा. टेबलावर झोपवल्यावर मशीनचाच छोटा सीटी काढतात. यकृतातली गाठ त्यात बहुतेकदा दिसतच नाही, सगळं करडं. म्हणून जुळवणी यकृताच्या कडेवर किंवा आधी बसवलेल्या सोन्याच्या बारीक मण्यांवर करायची असते. मणक्यावर जुळवून मोकळं होणं सोपं. पण मणका मिलिमीटरला बसतो आणि यकृत सेंटिमीटरभर सरकलेलं राहतं. इथे पहिल्या शेकाला डॉक्टर आणि फिजिसिस्ट (डोसचं गणित पाहणारे तज्ज्ञ) दोघंही मशीनच्या कन्सोलवर असतात, हे उत्तम. तिसऱ्यापासून काम टेक्निशियनवर सोडलं जातं. टेक्निशियन हुशार आहेत, पण पाचही शेकांना डोस तेवढाच असतो. इथे गुण कापले.

वेळेचं म्हणाल तर सिम्युलेशनपासून पहिल्या शेकापर्यंत साधारण आठवडा. यात फॅन्टमवर (पेशंटऐवजी ठेवलेल्या नमुन्यावर) प्लॅन तपासणं येतं, त्यामुळे घाई लावू नका. शेक दिवसाआड, एकेक अर्ध्या-पाऊण तासाचा. चंदगड-आजऱ्याकडच्यांना दुपारची वेळ मागितल्यास देतात. जनआरोग्य योजनेतून करणार असाल तर पूर्वमंजुरी नेमकी कोणत्या प्रकारच्या रेडिएशनची घेतली, ते आरोग्यमित्राकडून (योजनेच्या रुग्णालयातल्या प्रतिनिधीकडून) सिम्युलेशनच्या आधीच समजून घ्या. ‘बेव्हासिझुमॅब’ हे कॅन्सरचं औषध चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. एसबीआरटीसोबत ते पडलं तर आतड्याचा धोका वाढतो.

रक्तवाहिनीतून किरणोत्सारी मणी सोडायची ‘वाय-९०’ पद्धत वेगळी. रिसेप्शनवर दोन्हींची गल्लत होते. तिला कॅथलॅब (रक्तवाहिनीत नळी घालायची खोली) आणि न्यूक्लिअर मेडिसिन विभाग लागतो. मण्यांची ताकद ६४ तासांत निम्मी होते, म्हणून मागणीही तारीख धरून करावी लागते.

शेक संपल्यावर ही सेवा ढिली पडते. डिस्चार्ज कार्डावर ‘फॉलोअप’ एवढंच. पहिले तीन महिने दर महिन्याला एलएफटी (यकृताच्या कामाची रक्ततपासणी) हवी. त्यातलं अल्कलाइन फॉस्फटेज दुपटीवर गेलं किंवा पोटात पाणी झालं तर लगेच दाखवायचं. गाठ उजव्या बरगड्यांजवळ असेल तर काही महिन्यांनी तिथे दुखू शकतं, बरगडीला चीरही जाते.

पहिला एमआरआय तीन महिन्यांनी. त्यात शेक बसलेल्या यकृताचा पट्टा गाठीभोवती चमकतो आणि ज्याला शेकाची माहिती नाही तो रेडिओलॉजिस्ट ‘गाठ वाढली’ लिहून मोकळा होतो. म्हणून निघताना डोस प्लॅनची सीडी आणि डोसच्या रेषा छापलेलं पान मागून घ्या. काउंटरवर ‘सीडी फक्त सीटीची मिळते’ म्हणतील; फिजिक्स विभागात गेलात तर दहा मिनिटांत मिळते.