व्हीएचएस कॅसेटी कॉम्प्युटरवर घेताना अनकॉम्प्रेस्ड घ्यावं का लॉसलेस

आमच्या परभणीच्या घरी पंधरा-वीस व्हीएचएस कॅसेटी होत्या. सप्ताहातली कीर्तनं, दोन-तीन लग्नं, आणि एका कॅसेटवर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर व्हीसीआर लावून टीव्हीवरून घेतलेल्या दूरदर्शनच्या बातम्या. हे सगळं एकदाच आणि चांगलं कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं, त्याच्यामुळं चित्रातलं थोडं कायमचं टाकून फाईल लहान करणारं एमपीईजी वगैरे पहिल्यापासूनच बाद. राहिलं अनकॉम्प्रेस्ड (काहीच न दाबता) आणि लॉसलेस (दाबून, पण काहीच न गमावता). दोन्ही वापरून बघितलेत म्हणून लिहितोय.

अनकॉम्प्रेस्डचं आकर्षण मला समजतं. मधी काही भानगडच नाही, व्हीसीआरचा सिग्नल कॉम्प्युटरमधी आणणारं कॅप्चर कार्ड जे देईल ते जसंच्या तसं डिस्कवर. पण आपल्याकडच्या टीव्हीच्या पॅल सिग्नलची ७२० बाय ५७६ ची फ्रेम, सेकंदाला २५, म्हणजे जवळपास २१ एमबी दर सेकंदाला आणि तासाला ७५ जीबी. तीन तासांची कॅसेट सव्वादोनशे जीबीच्या घरात जाते. तरी जागेचं मला एवढं वाटलं नाही, डिस्क आणता येते.

मला नडलं ते फ्रेम ड्रॉप. माझं मशीन जुनं, कॅप्चरचं डोंगल यूएसबी २ वर आणि बाहेरची हार्ड डिस्क पण त्याच यूएसबीवर. एकाच वाटेनं २१ एमबी आत येतायत आणि तेवढेच परत बाहेर जातायत, तिथं ती वाट तुंबते आणि फ्रेम गळतात. माझा प्रोग्राम गळालेल्या फ्रेमच्या जागी काही भरत नव्हता. तासाभरात चाळीसेक फ्रेम गेल्या. ऐकायला कमी वाटतंय, पण ४० फ्रेम म्हणजे दीड सेकंदाच्या वर.

ती कॅसेट आण्णांची होती, सप्ताहात मृदंगावर बसलेले. सुरुवातीला सगळं बरोबर, पण काल्याच्या अभंगापर्यंत आलं की आई म्हणली, "आरं, यांचा हात आधी पडतोय अन् थाप मागून येतीय." मी परत परत लावून बघितलं, खरंच हात खाली येऊन परत वर जायचा आणि मग आवाज. टाळकऱ्यांचं पण तसंच. चित्र कितीबी स्वच्छ असू द्या, ताल चुकलेलं कीर्तन घरात कुणालाच बघवत नव्हतं.

मग हफवाययूव्ही हे लॉसलेस कोडेक (व्हिडिओ दाबायचं सॉफ्टवेअर) लावलं. मृदंगाच्या त्याच कॅसेटला तासाला ३२-३५ जीबी लागले, डिस्कवरचा भार निम्म्याच्या खाली आला आणि अख्ख्या कॅसेटमधी दोनच फ्रेम गेल्या. लॉसलेस म्हणलं की काहीतरी कमी होत असेल अशी शंका बऱ्याच जणांना येते, पण ते झिपसारखं आहे, उघडलं की एकेक पिक्सेल तोच. फक्त सेटिंगमधी रंगाचा फॉरमॅट वाययूवाय२ च ठेवा, आरजीबी करू नका. लागारिथ नावाच्या दुसऱ्या लॉसलेस कोडेकनं फाईल अजून बारीक होते पण ते प्रोसेसर जास्त खातं, माझ्या मशीनला जमलं नाही. एक मात्र आहे, किल्लारीच्या बातम्यांच्या कॅसेटवर ॲन्टेनाच्या मुंग्या लई होत्या, आणि मुंग्या काही दाबल्या जात नाहीत, तिथं फाईल बरीच फुगली. म्हणजे निम्मं होईलच असं धरून चालू नका.

कॅप्चर झाल्यावर मी सगळं एफएफव्ही१ (हे पण लॉसलेस कोडेकच) मधी करून एमकेव्ही फाईलीत ठेवतो. त्याच्या तिसऱ्या व्हर्जनमधी प्रत्येक फ्रेमचे तुकडे पडतात आणि तुकड्यागणिक चेकसम (डेटा बदलला का ते पडताळायचा आकडा) असतो, उद्या डिस्क खराब व्हायला लागली तर नेमकी कुठली फ्रेम गेली ते कळतं. अनकॉम्प्रेस्ड एव्हीआय फाईलीमधी तसं काही नसतं.

ज्यांच्याकडं नवीन मशीन आहे, आत एसएसडी आहे, त्यांना अनकॉम्प्रेस्ड विनातक्रार चालत असेल, मी नाही म्हणत नाही. पण तेच चित्र निम्म्या जागेत मिळत असताना माझा कल तरी लॉसलेसकडंच आहे. आणि काहीबी निवडा, चाचणी दहा मिनिटांची घेऊ नका, एक तास सलग चालू द्या आणि शेवटाला जिथं कुणीतरी टाळी वाजवताना दिसतंय अशी जागा शोधून बघा. कॅसेट जुनी आहे, प्रत्येक वेळी हेडवरून फिरली की थोडी झिजते, आण्णांची मला दोनदा फिरवावी लागली.