अंधेरीतल्या बारा संध्याकाळी : मुंबई सिटीच्या २०२४-२५ हंगामाचे परीक्षण

२९ मार्च २०२५चा शनिवार म्हणजे गुढीपाडव्याची पूर्वसंध्या. घरात गुढीची काठी पुसून भिंतीला टेकवून ठेवली होती, साखरेच्या गाठी ताटात काढल्या होत्या, कडुनिंबाचा डहाळा पाण्यात घातला होता, आणि समोर टीव्हीवर, बंगळुरूच्या कांतिरवा मैदानात, मुंबई सिटी एफसी एकामागून एक गोल स्वीकारत होती. सुरेश सिंग, एदगार मेंडेझ, रायन विल्यम्स, सुनील छेत्री आणि शेवटी होर्हे पेरेरा दियाझ अशा पाच खेळाडूंनी पाच गोल केले. बाद फेरीचा हा एकमेव सामना आम्ही ०-५ असा हरलो आणि गतविजेत्यांचा इंडियन सुपर लीगमधला हंगाम तिथेच संपला. पाचव्या गोलनंतर आईने ‘अजून किती राहिले?’ असे विचारले. ती गोलांविषयी विचारत होती की मिनिटांविषयी, याची खात्री करून घेण्याचे धैर्य मला झाले नाही.

या हंगामातले घरचे बहुतेक सामने मी अंधेरीत जाऊन पाहिले. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने आझादनगर, पुढे थोडी पायपीट, आणि साडेसातचा सामना संपला की तोच प्रवास उलट्या दिशेने, असा प्रत्येक फेरीचा नेम. त्यामुळे हे परीक्षण पैसे आणि वेळ मोजलेल्या ग्राहकाचे आहे. साखळीत घरचे सामने बारा असतात. त्या बारा संध्याकाळींचे मोल काय झाले, आणि पुढच्या हंगामासाठी पुन्हा खिशात हात घालावा का, एवढाच प्रश्न मी स्वतःला विचारतो आहे.

आधी चांगले सांगतो. शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलातले हे मैदान लहान आहे. सात हजारांच्या आसपास माणसे मावतात. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये क्लबचे पहिले दोन हंगाम झाले, तिथे खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यात चांगलेच अंतर असे. २०१६ पासून अंधेरीत आल्यावर ते अंतर उरले नाही. चेंडूला बसलेली लाथ ऐकू येते, गोलरक्षक बचावपटूंना काय ओरडतो आहे ते कळते, आणि ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ या समर्थकांच्या गटाचे ढोल सुरू झाले की शेजारच्याशी बोलायलाही कानात तोंड घालावे लागते. भारतात फुटबॉल इतक्या जवळून पाहायला मिळण्याच्या जागा फार नाहीत. ३ नोव्हेंबरला, ऐन भाऊबीजेच्या संध्याकाळी, केरला ब्लास्टर्सविरुद्धचा ४-२ असा सामना मी इथे पाहिला. बहिणीकडचे ओवाळणे दुपारी उरकून घेतल्याबद्दल तिने अजून माफ केलेले नाही, पण आमचा आघाडीवीर निकोस कारेलिस याचा त्या दिवसाचा खेळ पाहून मला त्याचे फारसे वाईट वाटले नाही.

आता जे बिघडले त्याकडे येतो. २६ नोव्हेंबरला पंजाब एफसी अंधेरीत आले आणि ३-० असे जिंकून गेले. ३० डिसेंबरला नॉर्थईस्ट युनायटेडने हेच केले, १२ जानेवारीला जमशेदपूरनेही हेच केले. तीन पाहुणे, सात आठवड्यांहून कमी काळ, तिन्ही वेळा निकाल ०-३. पुढे १२ फेब्रुवारीला एफसी गोवाने ३-१ असे हरवले. साखळीत आम्ही एकूण सहा सामने हरलो, त्यांपैकी चार घरच्या मैदानावर, आणि त्या प्रत्येक सामन्यात तीन गोल खाल्ले. बाहेर जाऊन झुंजणारा आणि घरी कोसळणारा संघ तिकीट काढून येणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट, कारण चांगला खेळ टीव्हीवर फुकट दिसतो आणि वाईट खेळ पाहायला मेट्रोचे भाडे पडते.

स्टँडमधून पाहताना या चारही पराभवांचा साचा एकच वाटला. प्रशिक्षक पेट्र क्रात्की यांना चेंडू पाठीमागून, लहान लहान पास देत, वर आणायचा असतो. त्यासाठी दोन्ही बाजूंचे बचावपटू बरेच पुढे जातात. मध्यफळीत चेंडू गमावला की मधली मोठी मोकळी जागा एकट्या योएल वान निफच्या वाट्याला येते आणि मागे तिरी व मेहताब सिंग थेट धावत येणाऱ्या आघाडीवीरांच्या तोंडी सापडतात. तिरीचे स्थानभान अजूनही लीगमधल्या उत्तम बचावपटूंच्या तोडीचे आहे, पण तो जुलै २०२५मध्ये ३४ वर्षांचा होणार होता, आणि चाळीस मीटर मोकळ्या मैदानात पंचविशीतल्या खेळाडूशी शर्यत लावणे हे त्याचे काम नव्हे. प्रतिस्पर्ध्यांच्या प्रशिक्षकांनी हे नोव्हेंबरातच ओळखले. आमच्याकडून त्यावर फेब्रुवारीपर्यंत मला पटेल असा तोडगा दिसला नाही.

ही मोकळी जागा पूर्वी मध्यफळीतला अपुइया भरत असे. २०२४च्या उन्हाळ्यात तो मोहन बागानला गेला. राहुल भेके, पेरेरा दियाझ आणि आल्बेर्तो नोगेरा हे तिघेही बंगळुरूला गेले. मुंबईत जन्मलेला, मुंबईच्या मैदानांवर वाढलेला भेके आमचा कर्णधार होता आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर त्यानेच लीगचा करंडक उचलला होता. खेळाडू येतात-जातात, त्याविषयी तक्रार नाही. ब्रँडन फर्नांडिस, कारेलिस, जॉन तोराल अशी आलेली माणसेही साधी नव्हती, आणि कारेलिसने तर संघाच्या गोलांचा मोठा भार एकट्याने वाहिला. पण गेलेले चौघे आणि आलेले खेळाडू यांची अदलाबदल जमाखर्चात बरोबर दिसली, तरी मैदानावर ती जुळली नाही. चेंडू हिसकावून घेणारा गेला आणि चेंडूशी सुंदर खेळणारे आले.

मागच्या हंगामाची आठवण मुद्दाम काढतो, कारण या क्लबची खरी ओळख हंगामाच्या शेवटच्या दिवसांतच पटत आली आहे. २०२१मध्ये लीग शील्डचा (साखळीत पहिला येणाऱ्या संघाला मिळणाऱ्या ढालीचा) निर्णय साखळीच्या अखेरच्या सामन्यात झाला आणि त्यानंतर अंतिम सामन्यात बिपिन सिंगने ९०व्या मिनिटाला गोल करून करंडकही आणला. २०२४मध्ये शील्ड शेवटच्या दिवशी मोहन बागानकडे एका गुणाने गेली, तरी संघ खचला नाही. २४ एप्रिलला फातोर्ड्यात उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात एफसी गोवा २-० असे पुढे होते. घड्याळात ९० मिनिटे होत आली होती आणि माझा गोव्याचा एक मित्र मला सांत्वनाचे संदेश पाठवू लागला होता. मग लालियांझुआला छांगते, लगेच विक्रम प्रताप सिंग आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगते यांनी गोल केले, आणि सामना ३-२ असा आमचा झाला. त्या सामन्यात गोव्याचा दुसरा गोल ब्रँडनने केला होता, आणि तोच काही महिन्यांत आमच्या जर्सीत दिसला. दहा दिवसांनी सॉल्ट लेकवर मोहन बागानने आधी गोल केला, तरी शेवटी ३-१ असे आम्हीच जिंकलो. त्या काळात अंधेरीत माझ्या रांगेतले कोणीही शिट्टी वाजेपर्यंत उठत नसे. डिसेंबर-जानेवारीत मात्र ऐंशीव्या मिनिटापासून खुर्च्या वर आपटल्याचे आवाज येऊ लागले. ज्यांना विरारची गाडी पकडायची होती त्यांना निदान कारण तरी होते.

आकडे भावनेला दुजोरा देतात. २०२२-२३मध्ये तेव्हाचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांच्या संघाने २० सामन्यांत ४६ गुण मिळवून शील्ड जिंकली. पुढच्या हंगामात २२ सामन्यांत ४७ गुण झाले. या वेळी २४ सामन्यांत ३६. म्हणजे सामन्यामागे २.३ वरून २.१ आणि तिथून थेट १.५ अशी ही घसरण आहे. आम्ही सहावे आलो, आणि तिसऱ्या ते पाचव्या क्रमांकांचे तिन्ही संघ ३८ गुणांवर होते, त्यामुळे ‘फक्त दोन गुणांनी मागे राहिलो’ असे म्हणून मनाची समजूत घालता येते. शील्ड जिंकणाऱ्या मोहन बागानपासून मात्र आम्ही तब्बल २० गुणांनी दूर होतो. तिथे अपुइया याच हंगामात शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकून बसला, हे लिहिताना हात जरा जड होतो.

मार्च महिना मात्र वेगळा लिहावा लागेल, कारण त्यात हा संघ काय होऊ शकतो आणि प्रत्यक्षात काय आहे, ही दोन्ही रूपे दिसली. १ मार्चला अंधेरीत मोहन बागान ०-२ असे पुढे गेले, आणि आम्ही २-२ अशी बरोबरी साधली. दुसरा गोल, अखेरच्या मिनिटांत, तरुण नेथन रॉड्रिग्जने केला. हंगामाच्या सलामीलाही याच संघाविरुद्ध कोलकात्यात ०-२ वरून २-२ केले होते. विजेत्यांसमोर दोन्ही वेळा ताठ उभे राहणाऱ्या संघाने पंजाब-जमशेदपूरसमोर मान टाकावी, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. ७ मार्चला कोचीत ०-१ असे हरलो आणि सहावे स्थान धोक्यात आले. ११ मार्चला साखळीचा शेवटचा सामना बंगळुरूत, त्याच कांतिरवावर होता, आणि तिथे छांगते व कारेलिस यांच्या गोलांवर २-० असे जिंकून आम्ही बाद फेरी गाठली. त्या रात्री संघ मुद्दाम आपल्या गोलकडे मागे राहून खेळला, बचाव आणि मध्यफळीच्या रेषा जवळ ठेवल्या, चेंडू बंगळुरूला दिला आणि मोकळ्या जागेत छांगतेला पळू दिले. माझ्या मते हंगामातला हा सर्वांत शहाणा सामना होता.

त्यानंतर अठरा दिवसांनी तेच मैदान, तेच दोन संघ, आणि निकाल ०-५. पहिला गोल लवकर बसला आणि ११ तारखेचा सगळा शहाणपणा गुंडाळून संघ पुन्हा पुढे सरसावला. मग जे नोव्हेंबरपासून चालले होते तेच झाले. बंगळुरूचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही, ते त्या रात्री फार चांगले खेळले. पण एका पद्धतीने जिंकून दाखवल्यावर तिचा हात इतक्या लवकर सोडण्याची जबाबदारी प्रशिक्षकाकडेच जाते. शेवटचा गोल दियाझचा होता. त्याने फार जल्लोष केला की नाही हे पाहायला मी थांबलो नाही, टीव्ही बंद करून गाठी ओवायला बसलो.

लीगनंतरच्या बाद पद्धतीच्या सुपर कप स्पर्धेविषयी थोडक्यात. एप्रिलच्या उत्तरार्धात भुवनेश्वरला चेन्नईयिनला ४-० आणि इंटर काशीला १-० असे हरवून संघ उपांत्य फेरीत पोहोचला आणि जमशेदपूरकडून ०-१ असा हरला. गोल ८७व्या मिनिटाला झाला. शेवटच्या मिनिटांचे मालक कधीकाळी आम्ही होतो, एवढेच इथे नोंदवतो.

पुढच्या, म्हणजे २०२५-२६च्या, हंगामाची आशा ठेवण्यासारखे बरेच आहे. लागोपाठ दोन हंगाम देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला छांगते अजून तिशीच्या आत आहे. रॉड्रिग्जला आता बदली म्हणून न खेळवता सलग सामने द्यावेत, असे त्याच्या खेळाने सिद्ध केले आहे. गोलमध्ये फुर्बा लाचेन्पा असताना तिथे खर्च करण्याची गरज नाही. तातडीने हवा आहे तो बचावफळीच्या पुढ्यात उभा राहून चेंडू तोडणारा मध्यफळीतला खेळाडू आणि तिरीसोबत खेळत त्याची जागा घ्यायला तयार होणारा बचावपटू. कारेलिसने २०२५मध्ये ३३ वर्षे पूर्ण केली, त्यामुळे त्याच्या जोडीला गोल करणारा आणखी कोणी हवा. क्रात्की यांना बदलावे, असे मला वाटत नाही. त्यांनी मध्येच सूत्रे हाती घेऊन करंडक जिंकून दिला होता आणि ११ मार्चचा सामनाही त्यांचाच होता. मात्र त्या सामन्याची चित्रफीत त्यांनी वर्षभर भिंतीवर लावून ठेवावी.

खरी चिंता मैदानाबाहेरची आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला २०१०चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५मध्ये संपणार होता, आणि मे २०२५ उजाडला तरी नवा करार झालेला नव्हता. मुंबईच्या फुटबॉल रसिकाला अशा बातम्यांची धास्ती जरा जास्तच वाटते. कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप ही जुनी स्पर्धा पाहिलेली पिढी आमच्या घरात आहे. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ राष्ट्रीय लीग जिंकल्यावर अवघ्या चार वर्षांत, २०१०मध्ये, बंद झाल्याचे मला स्वतःला आठवते, आणि २०१७मध्ये आय-लीगमधून घसरलेले मुंबई एफसी पुन्हा उभे राहिले नाही. हरणारा संघ सोसता येतो. संघच नसल्यावर शनिवारी संध्याकाळी घाटकोपरला मेट्रो पकडून कुठे जायचे?

तारे द्यायचेच झाले तर पाचपैकी अडीच देतो : एक मैदानाला, एक मार्चमधल्या पहिल्या अकरा दिवसांना आणि अर्धा कारेलिसला. पहिल्यांदा जाणाऱ्याने मोठ्या नावाच्या पाहुण्यांचा सामना निवडावा, ढोलांच्या फार जवळ बसू नये आणि मुलांना अवश्य न्यावे.

परवा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या पार्ल्याच्या काकांचा फोन आला होता. वय सत्तरीच्या पुढे, पण गेल्या हंगामात त्यांनी एकही घरचा सामना चुकवला नाही आणि एकदाही शिट्टीच्या आधी उठले नाहीत. “काय हो, याही वेळी आपल्या दोन खुर्च्या एकत्रच घ्यायच्या ना?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “घ्यायच्याच, काका. फक्त वेळापत्रक तेवढे लागू दे.”